व्यायाम तासाभराचा, राबणे दिवसभराचे

प्रश्न : माझे वय ३४. मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. घरी पती, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. आईला मधुमेह आहे, आपल्याला तो होऊ नये या विचाराने वर्षभरापूर्वी मी जिम सुरू केली आणि पतीही सोबत येऊ लागले. पहाटे पावणेपाचला उठणे, साडेपाच ते सात जिम, मग डबे, मुलाची शाळा, लोकल, ऑफिस, असे आठवड्यातले सहा दिवस चालते. अंथरुणाला पाठ टेकायला रात्रीचे साडेअकरा होतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपने दिलेला १,२०० कॅलरींचा आहार मी काटेकोर पाळते. सुरुवातीला सहा किलो वजन उतरले, पण आता कित्येक महिने काटा हललेला नाही. व्हिडिओंमध्ये हे आयुष्य फार उत्साहाचे दिसते. माझ्या वाट्याला आले आहेत ते घामट कपडे, पहाटे सहा अंडी त्यांची आणि दोन माझी उकडणे, फुगलेले पोट, जांघेत उठलेला नायटा आणि सततचा थकवा. आम्हा दोघांचे जिमचे कपडे मी रात्री हाताने धुते, कारण मशीनमध्ये टाकले की इतर कपड्यांना वास लागतो असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय त्यांनी केलेले जेवण आम्ही बाजूला सारतो म्हणून त्या दुखावल्या आहेत. पती मात्र ताजेतवाने दिसतात. स्टेशनच्या पुलावर आता धाप लागत नाही आणि कंबरदुखी थांबली, एवढा फायदा झाला हे खरे. ट्रेनर फॅट बर्नरच्या गोळ्या घ्यायला सांगतो. गेले तीन महिने पाळी आलेली नाही, ते बहुधा व्यायामामुळे असावे. जिमची वार्षिक वर्गणी याच महिन्यात भरायची आहे. माझेच काही चुकते आहे का? हे सगळे सोडून द्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

फॅट बर्नरच्या गोळ्या आणि जिमची वर्गणी या दोन विषयांच्या मध्ये, पाळी तीन महिने आली नसल्याचे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेल्या आहात. मी उत्तराची सुरुवात त्या ओळीपासून करते, कारण तुमच्या इतर प्रश्नांना आठ-पंधरा दिवस थांबता येईल, या प्रश्नाला थांबवून ठेवू नका. व्यायाम वाढला की पाळी मागेपुढे व्हायचीच, इतकेच काय पण ती थांबणे हे शरीर कमावल्याचे लक्षण आहे, असे जिममध्ये येणाऱ्या बायकांच्या बोलण्यात अनेकदा ऐकू येते, आणि हा समज धोक्याचा आहे. शरीराला मिळणारे अन्न त्याच्या खर्चाच्या मानाने बराच काळ अपुरे पडत राहिले, तर मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग बीजांडकोशांचे काम चालवणारे संदेश मंद करतो, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि पाळी थांबते. इस्ट्रोजेन घटले की त्याची झळ हाडांना लागते, आणि पुढच्या आयुष्यासाठी हाडे राखून ठेवायच्या वयातच ती विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधल्या या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. ती अवस्था पदकांसाठी झटणाऱ्या खेळाडूंपुरती मर्यादित नाही, घर आणि नोकरी सांभाळून व्यायाम करणाऱ्या बाईलाही ती गाठू शकते.

तुमचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडून पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेल्या प्रमाणांनुसार ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १,६६० कॅलरी लागतात आणि काम मध्यम श्रमाचे असेल तर २,१३०. तुम्ही सहा दिवस दीड-दीड तास व्यायाम करता, लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करता, घरी येऊन पुन्हा कामाला लागता, आणि हे सगळे १,२०० कॅलरींवर चालवता. अ‍ॅपने तुमचे वय, उंची आणि हवे असलेले वजन विचारून एक आकडा काढून दिला. तुमचा दिवस त्याने पाहिलेला नाही. तरीही पाळी न येण्याचे कारण हेच आहे असे मी इथे बसून ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका. गर्भधारणा, थायरॉइडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढणे, बीजांडकोशांचा त्रास अशी अनेक कारणे संभवतात आणि त्यांची शहानिशा स्त्रीरोगतज्ज्ञच करू शकतात. तेव्हा याच आठवड्यात त्यांची वेळ घ्या, आणि आहार व व्यायाम यांचा खरा तपशील, म्हणजे १,२०० हा आकडा आणि सहा दिवस हा क्रम, त्यांच्यापुढे स्पष्ट ठेवा. आपल्याकडे रुग्ण हे सांगत नाही आणि दवाखान्याच्या गर्दीत ते विचारायचे राहून जाते.

त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घेण्याविषयीही विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे सकाळच्या लोकलच्या महिला डब्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या आपल्यासारख्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी कमी रक्तावर दिवस काढत असणे अगदी शक्य आहे. अशा शरीराकडून वजने उचलून घ्यायची आणि ते थकले की मनाची तयारी कमी पडते म्हणून स्वतःला बोल लावायचा, हा अन्याय आहे. तपासणीपूर्वी लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. जेवणानंतर लगेच चहा न पिणे आणि पानात लिंबाची फोड घेणे एवढे मात्र आजपासून करता येईल, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागण्यास अडथळा येतो आणि लिंबातल्या क जीवनसत्त्वाने त्याला मदत होते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. तुमचे काही चुकते आहे का? तुम्ही वर्णन केलेल्या कंटाळवाण्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी व्यायाम नेमाने करणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असतात. घाम, वास, कपडे, भांडी, पिशवी भरणे, बाजारहाट, आदल्या रात्री मोड काढायला ठेवणे आणि लवकर झोपण्यासाठी गप्पांमधून उठून जाणे, यांत तासाभराच्या व्यायामापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. व्हिडिओ काढणारा नेमका तो तासच दाखवतो, आणि तोही चांगल्या उजेडात, स्नायू फुगलेले असताना. शरीरसौष्ठव स्पर्धेतल्या मंडळींची मंचावरची कोरीव शरीरे त्या दिवसापुरती आहार आणि पाणी यांवर कडक बंधने घालून आणलेली असतात आणि पुढे ती तशी टिकत नाहीत, हे त्या क्षेत्रातली माणसे स्वतः जाणतात. पाहणाऱ्यांना मात्र ते कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या जुन्या व्यायामसंस्कृतीने ही मागची कामे लपवलेली नव्हती. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे उठणाऱ्या पोराच्या हातात आधी फावडे येते. हौद्यातली लाल माती खणायची, उलथायची, ढेकळे फोडायची, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून ती मऊ ठेवायची, हे काम वस्तादांच्या देखरेखीखाली चालते आणि ते व्यायामातच धरले जाते, कारण खणताना खांदे, पाठ आणि मनगटे तयार होतात. थंडाईसाठी बदाम घोटणे हेही असेच पैलवानाच्या हातचे काम. गदा खांद्यावर घेतलेला पैलवान आपण फोटोत पाहतो. तालमीत वाढणाऱ्या मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत असते की फावडे आपल्यालाच उचलायचे आहे.

हे मी सांगते आहे ते तुमच्या पत्रातल्या एका वाक्यामुळे. 'पती मात्र ताजेतवाने दिसतात' असे तुम्ही लिहिले आहे. ते ताजेतवाने का दिसतात याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्यांची सहा अंडी तुम्ही उकडता, त्यांचा घामाने भिजलेला टी-शर्ट रात्री दहा-साडेदहाला तुम्ही बादलीत घासता, मुलाची शाळा आणि सर्वांचे डबे तुम्ही पाहता. जिममध्ये दोघेही दीड तास असता. जिमबाहेरची सगळी कामे एकट्या तुमच्याकडे आहेत. थोडक्यात, तुम्ही दोन माणसांचा व्यायाम सांभाळता आणि एका माणसाच्या गरजेपेक्षाही कमी खाता. यात तुमच्या यजमानांचा दुष्ट हेतू असेल असे मला वाटत नाही. आपल्या घरांमध्ये ही कामे कोणाच्या नावावर आहेत हे कोणी बोलून ठरवलेले नसते, आणि न ठरवलेली कामे बाईकडेच येतात. आता मात्र ती बोलून ठरवायची वेळ आली आहे. ही गोष्ट रात्री थकून आल्यावर, बादलीशी बसून, रागाच्या भरात काढू नका. रविवारी दुपारी दोघे निवांत असताना त्यांना पाळीची गोष्ट सांगा, डॉक्टरांकडे जायचे आहे हे सांगा, आणि त्याच ओघात सकाळी पावणेपाच ते रात्री साडेअकरा या वेळेतली तुमची कामे एकामागून एक, आवाज न चढवता, त्यांना ऐकवा. मग मागणी नेमकी करा. ज्याचे कपडे त्याने धुवायचे, ज्याची अंडी त्याने उकडायची आणि ते भांडे त्यानेच घासायचे, मुलाला शाळेत सोडण्याचे निदान तीन दिवस त्यांनी घ्यायचे, आणि रविवारचा बाजार त्यांच्याकडे. वजने उचलणाऱ्या हातांना बादली जड नाही.

कपड्यांच्या वासाविषयी सासूबाईंचे निरीक्षण बरोबर आहे. जिमचे कपडे बहुधा पॉलिएस्टरचे असतात. ते धागे घामासोबतचा तेलकटपणा धरून ठेवतात आणि त्यावर वास निर्माण करणारे जिवाणू सुती कापडापेक्षा जास्त वाढतात. त्यामुळे सकाळी सातला काढलेला टी-शर्ट पिशवीत बोळा करून रात्रीपर्यंत तसाच राहिला, तर नंतर कितीही साबण लावला तरी त्याचा दर्प पुरता जात नाही. जिमहून आल्याबरोबर, अंघोळीच्याच वेळी, तो साध्या पाण्यातून पिळून उलटा करून दोरीवर टाकायचा, याला दोन मिनिटे पुरतात. असे सुकलेले कपडे दोन-तीन दिवसांनी एकत्र करून मशीनमध्ये त्यांचा वेगळा फेरा लावा. सासूबाईंची अडचणही राहणार नाही आणि तुमचे हात घासायचे वाचतील. फॅब्रिक कंडिशनर या कपड्यांना लावू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि वास आतच कोंडतो. शक्य असेल तर एखादा सुती टी-शर्ट घालून पाहा. जिममध्ये सुती कपड्यांत गेले तर कसे दिसेल, याचा विचार मनातून काढून टाका.

जांघेतल्या नायट्याला मात्र जिमचा सामान्य त्रास समजू नका. हा बुरशीचा संसर्ग असतो; घट्ट आणि ओलसर कपड्यांत, विशेषतः आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत, तो फोफावतो, आणि पावसाळ्यात घरात टांगलेले अंतर्वस्त्र बोटाला कोरडे लागले तरी शिवणीत ओले असते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी मिश्र मलमे लावण्याची आपल्याकडची सवय फार नुकसान करणारी आहे. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असते, त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत निवते, मलम थांबले की नायटा पुन्हा उठतो आणि पहिल्यापेक्षा पसरलेला असतो. असा वर्षानुवर्षे न हटणारा नायटा घेऊन येणाऱ्या रुग्णांनी आज देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांना बेजार केले आहे. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ते सांगतील तितके आठवडे उपचार पूर्ण करा, घरात टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा, आणि यजमानांनाही तसा त्रास असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी होऊ द्या. अन्यथा तो एकमेकांकडे फिरत राहतो. बायका या जागेचा त्रास महिनोन्महिने लपवतात, म्हणून इतके सविस्तर लिहिले.

जेवणाच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. मुलगा आणि सून दोघांनीही एकाएकी त्यांचे वरण, भाजी, पोळी बाजूला सारून डब्यात उकडलेले आणि मोजलेले अन्न भरायला सुरुवात केली, तर ज्या बाईने आयुष्यभर याच ओट्याशी उभे राहून घर जेवू घातले तिला ते लागणारच. वास्तविक तुम्हाला जे हवे आहे ते त्यांच्या स्वयंपाकात आधीपासून आहे. वर सांगितलेल्या प्रमाणांनुसार ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. व्यायाम करणाऱ्या बाईने ती ६०-६५ ग्रॅमपर्यंत नेली तर पुष्कळ झाली. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, दोन वाट्या मटकीची उसळ किंवा घट्ट वरण यांतून १५ च्या आसपास, चार पोळ्या किंवा भाकऱ्यांतून आणखी १२, दूध-दह्यातून १० आणि मूठभर सोयाबीनच्या वड्या भाजीत टाकल्या तर त्यातून सुमारे १३, असा हिशेब घरच्या पानातच जुळतो. आमटी थोडी दाट करा, उसळ रोज ठेवा, पिठल्याला आठवड्यात जागा द्या, आणि हे सासूबाईंना विचारून, त्यांच्या हातचे म्हणून करा. सणावाराला उकडीचा मोदक पानात पडला तर तो खा. त्यासाठी दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्याची किंवा दुप्पट व्यायाम करण्याची काहीही गरज नाही.

पोट फुगण्याचे कारणही बहुधा याच फेरबदलात आहे. प्रोटीन पावडर घेत असाल तर तिच्यातली दुधातली साखर अनेकांना पचत नाही, प्रोटीन बारमध्ये साखरेऐवजी घातलेली गोडी आणणारी द्रव्ये वायू करतात, आणि कडधान्ये एकदम वाढवली तरी तेच होते. कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, सुरुवात मुगापासून करा, हिंग आणि आले घाला, आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. पावडर बंद केलीत तरी तुमचे काही बिघडणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके घेणे टाळावे असेच सांगितले आहे. फॅट बर्नरच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळ गोळ्यांचा मुख्य आधार कॅफिन असते, त्याने छाती धडधडते आणि झोप उडते, आणि तुमच्याकडे उडवण्याजोगी झोप मुळातच शिल्लक नाही. ट्रेनरकडून व्यायामाची पद्धत शिका. औषधे आणि गोळ्या हा त्याचा प्रांत नाही, आणि पाळी चुकलेल्या बाईला गोळी सुचवण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही.

झोपेबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण वजनाचा काटा का हलत नाही या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथे असावे. साडेअकरा ते पावणेपाच म्हणजे सव्वापाच तास. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. वजन जास्त असलेल्या दहा जणांना सारखाच कमी कॅलरींचा आहार देऊन एकदा दोन आठवडे रात्री साडेआठ तास आणि एकदा दोन आठवडे साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. वजन दोन्ही वेळेस सारखेच, सुमारे तीन किलो उतरले. पण साडेआठ तासांच्या पंधरवड्यात त्यातली चरबी १.४ किलो होती, साडेपाच तासांच्या पंधरवड्यात अवघी ०.६ किलो, उरलेली घट चरबीची नव्हती, स्नायूंसारखा जो भाग राखायचा तोच गळाला होता. दहा माणसांचा प्रयोग म्हणजे अखेरचा शब्द नव्हे हे मान्य, परंतु तुमचा दिनक्रम त्यातल्या दुसऱ्या पंधरवड्याशी इतका जुळतो की त्याकडे दुर्लक्ष करवत नाही. पहाटे उठण्याचे आपल्याकडे फार कौतुक आहे, आणि रात्री नऊला निजणाऱ्याला ते शोभते. तुमच्या घरात साडेअकराच्या आत दिवे मालवणे शक्य नसेल, तर पावणेपाचचा गजर हा शिस्तीचा भाग न राहता शरीराची लूट होऊन बसतो.

काट्याविषयी एवढेच की रोज वजन करणे थांबवा. मीठ, पाणी, पोटातले अन्न, आदल्या दिवशीच्या व्यायामाने आलेली सूज आणि पाळीचे चक्र यांनी वजन दीड-दोन किलोने इकडेतिकडे होत असते. महिन्यातून एकदा टेपने कमर मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते, आणि मधुमेहाच्या दृष्टीने काट्यापेक्षा ती अधिक सांगते.

आणि सोडून देऊ का, तर नाही. पुलावर धाप लागत नाही आणि कंबरदुखी थांबली, हे तुम्ही 'एवढा फायदा' म्हणून लिहिले आहे. मी ते वाचून मनापासून आनंदले. ज्या बाईची कंबर नोकरी, प्रवास आणि ओटा या तिन्ही ठिकाणी दिवसभर वापरली जाते तिची कंबर दुखेनाशी होणे, ही कुठल्याही फोटोत न दिसणारी आणि फोटोपेक्षा पुष्कळ मोलाची कमाई आहे. तुम्ही ज्या भीतीने सुरुवात केली त्या मधुमेहाच्या बाबतीतही स्नायूंचाच मोठा आधार असतो, कारण जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. राबते, बळकट स्नायू ते काम चांगले करतात.

म्हणून बेत लहान करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. तुम्ही आज नऊ तास जिममध्ये घालवता. डॉक्टरांच्या तपासण्या होईपर्यंत जिम थांबवून नुसते चालणे ठेवा आणि पोटभर जेवा, अ‍ॅप फोनमधून काढून टाका. डॉक्टरांनी परवानगी दिली की रविवार आणि मधले दोन दिवस, पाऊणपाऊण तास, स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), रो (वजन अंगाकडे ओढणे), प्रेस (वजन ढकलणे) असे चार-पाच मूळ व्यायाम ठेवा. उरलेल्या चार दिवशी सहापर्यंत झोपा. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत आणि परत झपझप चालत गेलात तर आठवड्याची मिनिटे त्यातच भरतील. तेच चार-पाच व्यायाम महिनोन्महिने करताना कंटाळा येईल. तो येऊ द्या, व्यायाम बदलत राहण्यापेक्षा वजन थोडेथोडे वाढवत नेणे अधिक फळते. दुसऱ्या दिवशी अंग दुखले तर ते दोन-तीन दिवसांत आपोआप निवते. लघवी गडद, चहासारखी झाली किंवा स्नायू सुजून कडक झाले, तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात जा.

राहिला वर्गणीचा प्रश्न. वार्षिक वर्गणी आत्ता भरू नका, सवलत कितीही मोठी सांगितली तरी. तपासण्यांचे निकाल हाती आल्यावर, आणि घरच्या कामांची वाटणी महिनाभर टिकते आहे हे पाहिल्यावर, तीन महिन्यांची भरा. आजारपणात किंवा मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत सदस्यत्व काही आठवडे गोठवता येईल का, हे भरण्यापूर्वी विचारा आणि ते पावतीवर लिहून घ्या. तोवर जिममध्ये यजमानांना एकट्याने जायचे असेल तर जाऊ द्या. त्या महिन्यात त्यांची अंडी आणि त्यांचे कपडे त्यांच्याकडेच राहतील एवढे पाहा.